आईंना केंद्रात ठेवायचं की घरी बाई लावायची?

कोपरखैरण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पक्षाघातानंतर आई अंथरुणाला खिळल्यात. ठाण्यात घोडबंदर रोडला आजारी-वृद्धांची निगा राखणाऱ्या एखाद्या सेवा केंद्रात ठेवू, की रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून चोवीस तासांची बाई आणू?

खर्च आधी. केंद्राच्या आकड्यात डायपर, औषधं, फिजिओथेरपी धरली आहे का, ते लेखी घ्या. घरी बाईच्या पगारावर ब्युरोचं कमिशन, तिचं जेवण आणि सुट्टीची बदली चढते.

खरी परीक्षा अंगाच्या निगेची. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर आधी लाली येते, मग जखम. केंद्रात कूस बदलल्याची नोंदवही मागा. दिवस-रात्रीच्या सगळ्या नोंदी एकाच हस्ताक्षरात असतील, तर विश्वास ठेवू नका. रात्री न कळवता जा. बेल दाबल्यावर कोण येतं, किती वेळात? पाण्याचा पेला हाताला लागतो का? चकचकीत लॉबीवरून काही कळत नाही.

घरी एकटी बाई रात्रंदिवस जागू शकत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणं तिच्यावर अन्याय आहे. बारा-बारा तासांच्या दोघी लावल्या की खर्च बराच वाढतो.

ओळखीची माणसं, हातचं जेवण यात घरच वरचढ.

नळीतून अन्न, जखमेचं ड्रेसिंग, घरातले सगळे नोकरीला, अशा वेळी केंद्र. मात्र कधीही भेटू देणारं. आई स्वतः कूस वळवू शकत असतील आणि दिवसा कुणी घरी असेल, तर घरीच ठेवा.