फ्रिज शोरूममधून घ्यावा की मेन रोडच्या शेठकडून?

"वहिनी, फ्रिज आणि वॉशिंग मशीन घ्यायचंय. कुठून घेऊ?" धाकट्या दिराने विचारलं. मी उलट विचारलं, "बिघडलं तर भांडायला कुणाकडे जाणार आहेस?" नव्या घराच्या उत्साहात असलेल्या माणसाला हा प्रश्न आवडत नाही, त्यालाही आवडला नाही. पण अडीच वर्षांपूर्वी मी याच दोन वस्तू नाशकातल्या दोन दुकानांतून घेतल्या होत्या. फ्रिज कॉलेज रोडच्या मोठ्या एसी शोरूममधून, मशीन मेन रोडच्या गल्लीतल्या जुन्या दुकानातून. मनस्ताप दोन्हीकडे झाला, फक्त त्याची जात वेगळी होती.

आत शिरल्यावर

शोरूममध्ये एक तर कुणी ढुंकून बघत नाही, नाहीतर चौघं एकदम धावून येतात. हे असं का होतं ते मला उशिरा कळलं. तिथे टी-शर्ट घालून उभी असलेली बरीचशी मुलं दुकानाची नसतात, एकेका कंपनीने ठेवलेले प्रमोटर असतात. मी विचारलं, "यातला वीज कमी खाणारा कुठला?" तिघांनी तीन दिशांना बोट दाखवलं. शेवटी मी स्वतःच दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते वाचलं आणि लेबल कुठल्या काळाचं आहे तेही पाहिलं, कारण स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात आणि जुन्या मालावर जुनेच स्टार मिरवत राहतात. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही दुकानाचे की कंपनीचे? सरळ विचारलं तर मुलं सरळ सांगतात, बिचारी.

गल्लीतल्या दुकानात शेठ काउंटरमागे बसलेले. "बजेट बोला." बोललो. पोऱ्याने दोन मशीनं दाखवली, तिसऱ्याचं चित्र कॅटलॉगमध्ये. "झाकण उघडून बघू?" "पॅक पीस आहे, ताई." आणि प्रश्न मी विचारत होते तरी उत्तरं ह्यांना मिळत होती. पैसे माझ्या खात्यातून जाणार होते, कपडे ह्यांनाही धुता येतात, पण शेठच्या डोक्यात घराचा नकाशा ठरलेला. बायकांनी एकटीने खरेदीला जायचं असेल तर या बाबतीत शोरूम नक्कीच बरं. तिथे निदान "मॅम" म्हणत मान तुमच्याकडे वळते.

बिल करताना

भावात शेठ पुढे. तोच फ्रिज ते अठराशेने स्वस्त देत होते. शोरूममध्ये घासाघीस जवळजवळ होत नाही. तिथे ऑफर असते: अमुक कार्डावर कॅशबॅक, जुन्याच्या बदल्यात एवढे, आणि "नो कॉस्ट ईएमआय". बँकांनी शून्य टक्के व्याज दाखवायला रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली. त्यामुळे इथे व्याज लागतंच, फक्त तेवढीच सूट आधी देऊन हिशेब जुळवतात. वर प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडून. रोख घेणाऱ्याला ती सूट मिळेल का, हे विचारून बघा. मला अर्धी मिळाली, तीही मॅनेजर दोनदा आत जाऊन आल्यावर.

काउंटरवर आणखी दोन काटे असतात. मोबाइल नंबर "सिस्टिम मागते" म्हणून घेतात. नंबरासाठी ग्राहकावर सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलेलं आहे. फ्रिज घरी पोचवायचा तर नंबर द्यावा लागणारच, पण मिक्सरच्या भांड्यासाठी द्यायची गरज नाही. दुसरा काटा एक्स्टेंडेड वॉरंटीचा. ती बहुतेकदा कंपनीची नसते, तिसऱ्याच कुणाची असते, आणि कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होते. "कॉम्प्रेसरवर दहा वर्षं" हेही नीट ऐका. ते कॉम्प्रेसरवरच असतं. गॅस आणि मजुरी त्यात धरलेली आहे का, हे कार्डावर वाचल्याशिवाय मान डोलवू नका.

शेठकडचा काटा वेगळा आणि जास्त टोचणारा. भाव ठरल्यावर ते हळूच म्हणाले, "पक्कं बिल पाहिजे का? मग फरक पडेल." इथे मऊ पडू नका. बिल न देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं, हे तर आहेच. पण व्यवहाराचं सांगायचं तर वॉरंटी मोजली जाते बिलाच्या तारखेपासून, आणि कंपनीचा माणूस दारात आला की आधी बिल मागतो. कच्च्या चिठ्ठीवर तो स्क्रू ड्रायव्हरही बाहेर काढणार नाही. मी पक्कं बिल मागितलं, त्यावर मशीनचा सिरीयल नंबर हाताने लिहून घेतला आणि बाराशे जास्त मोजले. शेठचा चेहरा त्या दिवशी पडलेलाच राहिला.

आणि मग खरी परीक्षा

फ्रिज शनिवारी संध्याकाळी टेम्पोतून आला. "मॅडम, सही करा, अजून चार डिलिव्हऱ्या आहेत." खोका उघडायचा नाही, कंपनीचा माणूस उघडेल, असं आधीच बजावलेलं. मी सही केली. सोमवारी त्या माणसाने थर्माकोल काढला आणि दाराचा खालचा कोपरा आत गेलेला. पोचा नुसता दिसायला वाईट असता तर चाललं असतं, पण दाराचं रबर तिथे बसतच नव्हतं. कागदाची पट्टी दारात धरून बंद केली तर ती सुळकन बाहेर येत होती.

शोरूमने सांगितलं, "माल सुस्थितीत मिळाला अशी तुमची सही आहे." कंपनीच्या कस्टमर केअरने एक दाबा, दोन दाबा करत सांगितलं, "वाहतुकीतलं नुकसान वॉरंटीत येत नाही, डीलरशी बोला." ज्या मुलाने हसून हसून विकला होता त्याला फोन केला, तर तो दुसऱ्या ब्रँचला गेलेला. मॅनेजर म्हणाले, "मेल टाका." मेल टाकला. दूध शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. या सगळ्यात कुणी एकदाही आवाज चढवला नाही, हेच जास्त चीड आणणारं होतं. प्रत्येक जण गोड बोलत होता आणि निर्णय कुणाच्याच हातात नव्हता.

नवव्या दिवशी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तो तक्रार क्रमांक मॅनेजरना मेलमध्ये पाठवला. सोबत लिहिलं, की सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फीही लागत नाही. तेराव्या दिवशी फ्रिज बदलून मिळाला. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी दिसली की माघार घेणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते: पाटी कायद्याच्या वर नसते.

मशीनची गोष्ट याच्या निम्मी आहे. तिसऱ्या धुण्याला मागून पाणी गळायला लागलं. शेठना फोन केला तर ते मलाच ओरडले, "तुमच्याकडे नळाला प्रेशर जास्त असेल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात जाऊन उभी राहिले. त्यांनी चहा विचारला नाही. डिस्ट्रिब्युटरला फोन लावला आणि म्हणाले, "माझं गिऱ्हाईक समोर उभं आहे. आज माणूस पाठव, नाहीतर पुढच्या आठवड्याची ऑर्डर धरू नकोस." दुपारी तीनला माणूस आला आणि पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बदलून गेला. मी आभार मानायला फोन केला तर म्हणाले, "झालं ना? मग." फोन ठेवला.

मग घ्यायचं कुठून?

माझं मत शेठच्या बाजूने झुकतं हे लपत नाहीये, पण आंधळेपणाने नाही. शेठचा दरारा चालतो तो ज्या कंपनीचा माल ते भरपूर खपवतात तिथेच. एरवी तेही कस्टमर केअरचा नंबर लिहून देतात. म्हणून त्यांना आधी विचारायचं, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय जातं?" आणि शक्यतो तेच घ्यायचं. तुम्हाला तीन-चार मॉडेलं उघडून बघायची असतील, हप्त्यावर घ्यायचं असेल, किंवा वर्षभरात बदली व्हायची शक्यता असेल, तर शोरूम. गाव बदललं की शेठचा उपयोग संपतो, आणि शोरूमचं हरवलेलं बिल मोबाइल नंबरावर पुन्हा निघतं. टीव्ही मी शोरूममधूनच घेईन. चित्र कसं दिसतं ते शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

कंपनीचं नाव लावलेली छोटी शोरूमं हा तिसरा पर्याय. पाटी कंपनीची, मालक बहुधा गावातलाच. तिथे एकाच कंपनीचा माल मिळतो, एवढाच फरक धरून चाला.

कुठूनही घ्या, पण डिलिव्हरीच्या कागदावर सही करताना "खोका उघडून पाहिलेला नाही" एवढं हाताने लिहा आणि खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो टेम्पोवाल्यांसमोरच काढा. ते तोंड वाकडं करतील. करू देत.

काल दिराचा फोन आला. दोन्ही वस्तू शेठकडूनच घेतल्या म्हणे. भाव ठरल्यावर शेठ हळूच म्हणाले, "कच्चं चालेल ना?" याने नाही म्हटलं, वर सिरीयल नंबरही लिहून मागितला. शेठनी पेन उघडत विचारलं, "त्या व्हॉल्व्हवाल्या ताई तुमच्या कोण?"