लॉक कुणाकडं हाय? छपाईच्या दुकानासाठी विंडोज, मॅक की लिनक्स

"लॉक कुणाकडं हाय?"

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छपाईच्या दुकानात लग्नसराईत हा प्रश्न दिवसातून वीसदा तरी ऐकू यायचा. लॉक म्हणजे करंगळीच्या पेराएवढा यूएसबीचा तुकडा. ज्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर आम्ही पत्रिका जुळवायचो, ते हा तुकडा मशीनला लावल्याशिवाय सुरूच व्हायचं नाही. मशिनं तीन आणि लॉक एक. एकजण मजकूर टाइप करत असला की दुसऱ्याने बिलबुकाच्या रेघा ओढत बसायचं आणि तिसऱ्याने गिऱ्हाइकाला चहा पाजायचा. दुसरा लॉक हवा तर सॉफ्टवेअरची पूर्ण किंमत पुन्हा मोजायची.

२०२२ च्या मे महिन्यात तो लॉक मेला. कंपनीला फोन केला तर ती आवृत्ती आता बंद झाली, नवीन घ्या, असं उत्तर मिळालं. त्या दिवशी माझ्याकडे चार पत्रिकांची प्रूफं तटलेली होती, त्यातल्या एका घरचं लग्न अकरा दिवसांवर होतं. रात्री ओळखीच्या एका छापखान्यात बसून, त्यांच्या लॉकवर, आम्ही ती कामं उरकली. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी दुसऱ्याच्या दारात बसावं लागलं याचा मला फार त्रास झाला, आणि खरं सांगायचं तर इथून पुढचं सगळं लिखाण त्या रात्रीतूनच आलं आहे.

आता कुणी म्हणेल, लॉक सॉफ्टवेअरचा होता, त्यात विंडोजचा काय दोष? काहीच नाही. पण आमच्यासारख्यांना विंडोजला बांधून ठेवणारी दोरी तीच होती. महाराष्ट्रातले बहुतेक छोटे छापखाने वर्षानुवर्षं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर चालले. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. म्हणून मराठीसाठी वेगळे फॉन्ट आले, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट मशीनमध्ये असला तर 'शुभविवाह' दिसतं, नसला तर इंग्रजी चिन्हांची खिचडी. अशी हजारो कामं ज्याच्या हार्ड डिस्कवर आहेत, तो मॅक चांगला की लिनक्स या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. आम्ही युनिकोडवर आलो तेव्हा कुठे हा प्रश्न मला पहिल्यांदा मोकळेपणाने विचारता आला.

विंडोजपासून सुरुवात करतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकजण तिथेच असाल. कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येणारा पोरगा कोल्हापुरात दोन दिवसांत मिळतो आणि त्याने ते विंडोजवरच शिकलेलं असतं. हिशेबाची टॅली विंडोजवर चालते. फ्लेक्सवाला, कटिंग प्लॉटरवाला, स्क्रीनवाला, सगळ्यांची मशिनं विंडोज धरूनच बनलेली. उद्यमनगरात डाय किंवा पॅटर्नचं ड्रॉइंग सॉलिडवर्क्समध्ये करणाऱ्या माणसाला तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. त्याचं पोट ज्या सॉफ्टवेअरवर आहे ते जिथे चालतं तिथेच त्याने राहावं.

अडचण आली ती वेगळ्या बाजूने. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या नेहमीच्या सुधारणा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझी दोन मशिनं सहाव्या पिढीची, असेंबल केलेली, ८ जीबी रॅमची. पत्रिका, हँडबिलं, तालमीच्या फुटबॉल सामन्यांची पत्रकं, यात्रेचे कार्यक्रम हे सगळं ती आजही न कुरकुरता करतात. चांगलं चालणारं मशीन भंगारात घालायला माझा हात उचलेना.

मॅकचा विचार मी गंभीरपणे केला. भाच्याचा ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर महिनाभर दुकानात वापरला. पडद्यावर दिसणारा कुंकवाचा लाल आणि कागदावर उतरणारा लाल यांत मला सगळ्यात कमी फरक तिथे दिसला. यंत्र लावून मोजलेलं नाही, पण पंचवीस वर्षं शाई पाहिलेल्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही. दुरुस्तीसाठी दुपारभर लाइट गेली तरी बॅटरीवर काम चालू राहिलं. फॉन्टची व्यवस्था फारच नेटकी. कोरल ड्रॉही मॅकवर २०१९ पासून पुन्हा मिळतं. एकट्याने डिझाइनचं काम करणारा, घरातच ऑफिस असलेला कुणी असेल आणि त्याला एकदाच मोठी रक्कम घालणं जमत असेल, तर त्याने मॅक घ्यावा, त्याला पस्तावा होणार नाही असं मला वाटतं.

मला मात्र दोन गोष्टी जड गेल्या. एक तर ॲपलच्या आजच्या मशिनांत रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत. आमच्या धंद्यात दिवाळीला पैसे आले की रॅमची पट्टी घ्यायची, पुढच्या वर्षी एसएसडी, असा हप्त्याहप्त्याने सुधारत जाण्याचा रिवाज आहे. दुसरं म्हणजे माणसं. तीन माणसांसाठी तीन मॅक परवडत नाहीत, आणि एक मॅक व दोन विंडोज ठेवले की 'ते चांगलं मशीन कुणाकडं हाय?' हे नव्याने सुरू होणार. लॉकवरून सुटून मी त्याच रांगेत परत उभा राहणार होतो.

राहता राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम. त्याच्या अनेक प्रकारांतलं मी लिनक्स मिंट घेतलं, कारण त्याची मांडणी जुन्या विंडोजच्या सवयीला सोयीची आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. २२ क्रमांकाच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. जुन्या दोन्ही मशिनांत २४० जीबीची एसएसडी टाकली, मिंट बसवलं, आणि ती मला पूर्वीपेक्षा हलकी वाटली.

आता अक्षरांविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण पत्रिकेत चुकीचं अक्षर गेलं तर गिऱ्हाईक दहा वर्षं विसरत नाही. 'वऱ्हाडी मंडळी' हा शब्द घ्या. यातला ऱ्ह, किंवा 'दुसऱ्या'तला ऱ्य, हीच मराठीची खरी परीक्षा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग पाय मोडायचा, मग ह किंवा य. इनस्क्रिप्ट विंडोजवर आहे, मॅकवर आहे, लिनक्सवरही आहे, म्हणजे बोटांना एकदा वळण लागलं की मशीन कुठलंही असो. आमच्याकडे टाइप करणाऱ्या ताई शासनाच्या टायपिंग परीक्षेच्या जमान्यातल्या, टाइपरायटरच्या कळफलकावर मुरलेल्या. त्यांना इनस्क्रिप्टवर यायला तीन आठवडे लागले आणि पहिला आठवडा त्यांच्यासाठी खरोखर कष्टाचा गेला. चौथ्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "दादा, आता लॉकसाठी कुणाच्या तोंडाकडं बघायला नको." मला जे लिहायचं आहे ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं.

दुसरी परीक्षा ल आणि श यांची. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाने मान्य केलेली वळणं तीच आहेत. हिंदी वळणाचा ल पत्रिकेत आला की घरातले वडीलधारे लगेच बोट ठेवतात. नोटो सान्स देवनागरी या मोफत फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत. लिब्रेऑफिस या मोफत लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली की मराठी वळण येतं, हिंदी ठेवली की हिंदी. हे विंडोजवरच्या लिब्रेऑफिसमध्येही होतं, कारण २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ते सगळीकडे अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हेच इंजिन वापरतं. म्हणजे हा काही एकट्या लिनक्सचा मोठेपणा नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्टही कुणालाही, कितीही मशिनांवर, फुकट वापरता येतात. हँडबिलाच्या मथळ्याला बलू फार शोभतो.

पानांच्या मांडणीसाठी आम्ही स्क्रायबस घेतलं. १.६ ही त्याची स्थिर आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात आणि छपाईच्या चार रंगांची पीडीएफ निघते. प्लेटवाल्याकडे पीडीएफ गेली की ती कुठल्या मशीनवर बनली हे त्याने मला आजवर विचारलेलं नाही. नक्षी, गणपती, किनार यांना इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर पुरतं, मात्र त्यात चार रंगांचं काम थेट होत नाही, म्हणून शेवटची जुळणी स्क्रायबसमध्येच करायची. ही एक पायरी वाढते, आणि घाईच्या दिवशी ती जाणवते.

लिनक्सवर दुखतं कुठे, तेही सांगायला हवं. कोरल तिथे नाही. गिऱ्हाइकाने कोरलची सीडीआर फाइल आणली तर इंकस्केप ती उघडतं, पण मजकूर जागेवर राहीलच याचा भरवसा नाही. अशा वेळी मी समोरच्याला विनंती करतो की अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे आकृतीत बदलून, पीडीएफ द्या. दहातले सात देतात. आमचा एक जुना प्रिंटर लिनक्सने ओळखलाच नाही, तो तिसऱ्या, विंडोजच्या मशीनला जोडावा लागला. नंतर घेतलेला नेटवर्कचा प्रिंटर मात्र ड्रायव्हर न टाकता पहिल्याच झटक्यात दिसला. आणि नवा पोरगा कामाला आला की पहिले चार-पाच दिवस त्याचं कोरलशिवाय अडतं. शिकवायला माझा वेळ जातो. दुकानात शिकवणारं कुणी नसेल, मालक स्वतः मशीनवर बसत नसेल, तर लिनक्सच्या वाटेला घाईने जाऊ नये असं मी म्हणेन.

म्हणून तिसरं मशीन मी विंडोज ११ चं नवीन घेतलं. त्यावर टॅली, कोरल आणि ते जुने फॉन्ट. टायपिंगचं सॉफ्टवेअर गेलं तरी फॉन्ट आहेत, त्यामुळे जुन्या फाइली दिसतात आणि छापता येतात. जुना मजकूर नव्यात आणायला रूपांतर करणारी साधनं आहेत, पण डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलट. 'कीर्ती'चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला मी स्वतः पकडला आहे. सगळं एकदम बदलायला गेलात तर थकाल. आम्ही जी पत्रिका किंवा अहवाल पुन्हा छपाईला येतो तेवढाच बदलतो.

घरच्या वापराचं विचाराल तर गणित सोपं आहे. आमच्या घरी मुलगी अकरावीला, तिचं काम ब्राउझर, प्रोजेक्टचं लिखाण आणि व्हिडिओ. तिला जुन्या लॅपटॉपवर मिंट दिलं आणि दोन दिवसांनंतर तिने त्याबद्दल काही विचारलंच नाही. भावाचा मुलगा गेम खेळतो, त्याच्याकडे विंडोज आहे आणि तेच राहू दे.

ज्याचं रोजचं काम मराठी मजकूर, पानं आणि पीडीएफ आहे आणि ज्याच्याकडे एकापेक्षा जास्त माणसं बसतात, त्याच्यासाठी माझं मत लिनक्सकडे झुकतं. वेग किंवा दिसणं यासाठी नाही. चौथं मशीन लावायचं ठरलं तर मला कुणाला फोन करावा लागत नाही, एवढ्यासाठी. मागच्या लग्नसराईत आम्ही भाड्याने एक जुनं मशीन आणलं आणि दुपारपर्यंत त्यावर पत्रिका जुळायला लागली होती.

ठरवण्याआधी एक करून बघा. मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवताही येतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, तुमचा प्रिंटर लावा आणि एक पत्रिका टाइप करून कागदावर काढा. 'वऱ्हाडी', 'दुसऱ्या', 'कीर्ती', 'शीतल' हे चार शब्द त्यात असू द्या. मग मशीन बंद करून पेनड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज जसंच्या तसं सुरू होईल. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आलात तर मी भरून देतो, फक्त लग्नसराईत सकाळी दहाच्या आत या.