रॅम सारखी जाते: नवी घ्यायची की आधी कारण शोधायचं?

कॉम्प्युटरची रॅम (तात्पुरती मेमरी) एकदा गेली तर वॉरंटीत बदलून घ्यावी, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण वर्षभरात दुसरी, मग तिसरी जाते, तेव्हा मला रॅमपेक्षा बाकीच्या मशीनचा संशय येतो.

बदलण्याचा मार्ग सोपा आहे. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी दीर्घ मुदतीची असते, त्यामुळे खिशाला फारशी झळ बसत नाही. मात्र मूळ दोष तसाच राहिला, तर रॅमची नवी स्टिकही (पट्टीही) त्याच वाटेने जाते. मधल्या काळात फाइली गुपचूप खराब होतात, ते नुकसान कोणतीच वॉरंटी भरून देत नाही.

कारण शोधायला एखादी रात्र जाते. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार प्रोफाइल, बंद करा. डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा मूळ व्होल्टेज १.२ असतो, ३२०० वेगाच्या एक्सएमपी प्रोफाइलला बहुधा १.३५ लागतो, म्हणजे ते ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. मग एकेक स्टिक आधी एकाच स्लॉटमध्ये (खाचेत), नंतर स्लॉट बदलून लावा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. चूक स्टिकबरोबर फिरली तर दोष स्टिकचा. स्लॉटला चिकटून राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर, कारण रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरमध्येच असतो. प्रोसेसरच्या सॉकेटची वाकलेली पिन किंवा त्यावर अति घट्ट बसवलेला कूलरही असा त्रास देतो. पॉवर सप्लाय जुना असेल तर तोही तात्पुरता बदलून पाहा.

दुसऱ्यांदा रॅम गेली की मी तरी आधी बॅकअप घेईन आणि मगच स्क्रूड्रायव्हर हातात घेईन.