आठ महिन्यांनंतर: १:३५चे शिपाई, ॲक्रेलिक रंग आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा

फेब्रुवारीत मागवलेली, जोडून रंगवायच्या प्लास्टिकच्या शिपायांची पेटी ऑक्टोबरात संपली. संपली म्हणजे चारही शिपाई एकदाचे उभे राहिले. ‘चार बाहुल्यांना आठ महिने?’ हे घरात इतक्यांदा ऐकलंय की हिशेब मांडलेला बरा.

पेटी युक्रेनच्या आयसीएम कंपनीची. पहिल्या महायुद्धातलं, १९१४चं ब्रिटिश पायदळ, चार शिपाई, प्रमाण १:३५, म्हणजे माणूस साधारण पाच सेंटिमीटरचा. कोरीवकामाबद्दल तक्रार नाही. कापडाच्या चुण्या, बटणं, पायाच्या पट्ट्यांचे वेढे सगळं रेखीव आहे. साच्याची शिवण मात्र प्रत्येक तुकड्यावर असते. ती चाकूच्या पात्याने हलकेच खरवडायची. कंटाळा केलात तर रंग चढल्यावर ती नेमकी गालावर उठून दिसते.

या पट्ट्यांचं एक गंमतशीर आहे. इंग्रज ज्याला ‘पटी’ म्हणत, ती आपलीच पट्टी. आणि खाकी म्हणजे खाक, माती. दोन्ही शब्द इथून गेले आणि युरोपच्या चिखलात उतरले. पायदळाचा शिपाई पट्टी घोट्याकडून वर गुंडाळून गुडघ्याखाली बांधी, घोडेस्वार वरून खाली आणून घोट्याशी बांधी. रंगवताना शेवटची नाडी कुठे दाखवायची, ते यावरून ठरतं.

ब्रिटिश पेटीच का घेतली? नोव्हेंबर १९१४मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या (आजच्या टांझानियातल्या) टांगा बंदरावर जी ब्रिटिश फौज उतरली, तिच्यात ‘तिसऱ्या ग्वाल्हेर इन्फंट्री’ची अर्धी पलटण होती. म्हणजे माधवराव शिंद्यांची माणसं. आमच्या लष्करात, म्हणजे गावातल्या लष्कर भागात, जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी शेंबड्या पोरालाही माहीत आहे, टांगा म्हटलं की लोक घोड्याचा टांगा समजतात. म्हणून ठरवलं, दोन शिपाई पेटीतले तसेच ठेवायचे आणि दोघांना फेटा बांधून ग्वाल्हेरचे करायचे.

इथेच पैसे आणि महिने दोन्ही गेले.

रंग व्हाय्येहोचे, पाण्यात मिसळणारे ॲक्रेलिक, थेंबाथेंबाने पडणाऱ्या बाटल्या. त्यातली ‘खाकी’ नावाची बाटली विलायती शिपायांवर छान बसली. १९०२चा तो गणवेश लोकरीच्या जाड कापडाचा, त्याची खाकी हिरवट-तपकिरी, जड. तीच बाटली मी ग्वाल्हेरच्या शिपायाला लावली आणि तो ओल्या पोत्यासारखा दिसायला लागला. आपल्या फौजेचा उन्हाळी गणवेश सुती ड्रिलचा. तो धुतला की विटतो, आणि भट्टीत गेला की आणखी विटतो. पंधरा दिवस मी चूक रंगात शोधत होतो आणि चूक कापडात होती.

उत्तर सापडलं गच्चीवरच्या दोरीवर. काका पोलिसातून निवृत्त झालेत, त्यांचे जुने शर्ट अजून धुतले जातात (टाकू देत नाहीत). एक कमी वापरलेला, एक पार धुऊन काढलेला, दोन्ही शेजारी वाळत होते. जुन्याचे खांदे आणि पाठ फिकट पिवळसर, काखेत आणि खिशाच्या झाकणाखाली मूळचा रंग शिल्लक. तेच उतरवलं. ‘इराकी सँड’ दोन थेंब, ‘खाकी’ एक थेंब, खांद्यावर त्यात पांढऱ्याचा अंश, काखेत नुसती खाकी पातळ करून. पाच सेंटिमीटरच्या माणसावर रंग खऱ्यापेक्षा थोडा उजळच लागतो, नाहीतर लांबून सगळं काळपट दिसतं. काकांना दाखवला तर म्हणाले, “इस्त्री नाही दिसत.” बरोबरच आहे, लढाईवर इस्त्री कुठून येणार, पण मी वाद घातला नाही.

फेट्यासाठी आधी हार्डवेअरच्या दुकानातली, नळाची गळती बुजवायची दोन भागांची पुटी आणली. मे महिन्यात ती मळेपर्यंत आवळायला लागते. दोन फेटे दगड झाले, त्यातला एक डोक्यासकट कापून काढावा लागला. मग मिलीपुट मागवली. ती सावकाश घट्ट होते, आणि ओल्या दातकोरण्याने वेढा-वेढा दाबत जायला वेळ मिळतो. कमरेचे पट्टेही तासावे लागले. पेटीतले १९०८च्या नमुन्याचे विणलेल्या पट्ट्यांचे, मला चामडी हवे होते.

आता ग्वाल्हेरच्या हवेबद्दल, कारण पेटीवरच्या सूचना तिला धरून लिहिलेल्या नसतात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की ब्रश रंगात बुडवून शिपायापर्यंत नेईस्तोवर टोक वाळलेलं असतं. फवाऱ्याचा प्रायमर (रंगाखालचं अस्तर) तर हवेतच वाळतो आणि शिपायावर भुकटी होऊन बसतो. माझा एक चेहरा देवी आल्यासारखा झाला. पावसाळ्यात उलटं, मॅट वार्निश मारलं की वर पांढरी धुंद चढते. हल्ली प्रायमर ब्रशनेच लावतो आणि फवारा नोव्हेंबरपर्यंत कपाटात.

या सगळ्यात पैसे वसूल करणारी वस्तू एकच, ओलं पॅलेट. तेही विकतचं नव्हे. बसक्या डब्यात भांडी घासायचा नवा स्पंज पाण्याने भिजवून ठेवला, त्यावर बेकिंगचा कागद अंथरला, त्यावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही रंग ओला. कागद मात्र केक भाजायचाच हवा, मेणकट बटर पेपरमधून पाणी वर येत नाही. श्रावणात स्पंजाला वास सुटला तेव्हा आत तांब्याचं नाणं टाकलं, तांब्याने बुरशी धरत नाही. आजीच्या डबीतला ग्वाल्हेर संस्थानचा पाव आणा होता, संवत १९७०चा, म्हणजे १९१३चा, वर खुद्द माधवराव. तेव्हापासून महाराज माझ्या स्पंजाखाली असतात. आजीला ठाऊक नाही.

रंग पातळ करायला बोअरचं पाणी नको, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा, एक कॅन वर्षभर पुरतो.

ब्रशबद्दल थोडक्यात. मी ‘बारीक काम’ म्हणून अगदी बारीक, तीन शून्यांचा घेतला. त्यात रंग राहतच नाही. एक किंवा दोन नंबरचा, पण टोक धरणारा, एवढाच घ्या. पहिल्या थराला कॅमलिनचा सिंथेटिक पुरतो, महागडा ब्रश त्यात झिजवू नका.

मधे हात मोकळा करायला १९१४च्या फ्रेंच पायदळाची पेटीही केली. निळा कोट, लाल विजार, आठवड्यात काम फत्ते. लढाईत ती लाल विजार लांबून दिसायची, म्हणून १९१५मध्ये फिकट निळा गणवेश आला. रंगवायला सोपं ते मरायलाही सोपं होतं म्हणा. नवशिक्याने सुरुवात यांच्यापासून करावी, खाकीपासून नको.

खर्च? पेटी चौदाशे, रंग-ब्रश-पुटी धरून साडेपाच हजारांवर. रंग अजून निम्मे शिल्लक आहेत.

राहिलं एकच. टांग्याच्या लढाईत गोळीबाराने पोळी उठली आणि मधमाशांनी माणसांना फोडून काढलं, म्हणून तिला मधमाश्यांची लढाई असंही म्हणतात. तेव्हा पायथ्याच्या देखाव्यात झाड आहे, पोळं आहे, माश्या हव्यात. दीड सेंटिमीटरची मधमाशी १:३५मध्ये अर्ध्या मिलिमीटरचीही होत नाही. खसखस चिकटवून पाहिली, भुंगे दिसतात. सध्या चहाची पूड मलमलीतून चाळतोय.