देणगीचा पैसा आणि माझे खाते

इंग्लंडमध्ये शिकत असताना एका तथाकथित आंतरराष्ट्रीय धर्मादाय संस्थेच्या अर्धवेळ कामात माझी फसवणूक झाली. आपल्या भागातून परदेशी जाणारी मुले-मुली आता वाढली आहेत आणि समाजकार्याचा अनुभव पदरी पडावा असे त्यांतील अनेकांना वाटते, म्हणून त्या कामाची रचना सविस्तर सांगते. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याची. विकास अभ्यास या विषयातील एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी शैक्षणिक कर्ज काढून गेले होते.

जाहिरात विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर आली. विदर्भातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी निधी उभारणाऱ्या संस्थेला मराठी जाणणारी ‘देणगी समन्वयक’ हवी होती. मुलाखत व्हिडिओवर झाली. बोलणारी बाई अत्यंत अदबीने बोलत होती, आणि कर्जमाफी, बोंडअळी, सावकारी हे सर्व शब्द तिला ठाऊक होते. करारावर धर्मादाय नोंदणी क्रमांक होता. इंग्लंड आणि वेल्सच्या धर्मादाय आयोगाची नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते; तीत तो क्रमांक खरा निघाला. मात्र तो जवळजवळ तशाच नावाच्या दुसऱ्या, प्रामाणिक संस्थेचा होता. क्रमांक जुळणे पुरेसे नसते. नोंदवहीत दिलेल्या दूरध्वनीवर आपण स्वतः फोन करून, अशी जागा तुम्ही काढली आहे का, हे विचारावे लागते.

प्रथम प्रशिक्षण आणि चारित्र्य पडताळणीचे म्हणून १८० पौंड घेतले गेले. काम मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यास तिकडच्या १९७३ च्या कायद्यानेच सर्वसाधारणपणे मनाई आहे, ही माहिती मला पुढे विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात मिळाली. त्यानंतर काम सुरू झाले: देणगीदारांचे पैसे माझ्या खात्यात येतील, त्यातील पाच टक्के मानधन ठेवून उरलेली रक्कम मी ‘स्थानिक भागीदारां’च्या खात्यांवर पाठवायची. संस्थेचे भारतातील बँक खाते तांत्रिक कारणाने थांबले आहे, तोवर ही तात्पुरती सोय, असे कारण देण्यात आले.

हे कारण मुळातच खोटे होते, आणि ते कसे खोटे हे आपल्याकडच्या प्रत्येकाने समजून घ्यावे. विदेशी अंशदान नियमन कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून भारतातील नोंदणीकृत संस्थेला परदेशी देणगी केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारता येते, आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणजे एका विद्यार्थिनीच्या खात्यातून गावोगावच्या खासगी नावांवर देणगी पोहोचवण्याचे कामच कायद्यात बसत नाही.

संशय प्रथम आईला आला. संस्थेचे माहितीपत्रक मी कौतुकाने घरी पाठवले होते. त्यात ‘यवतमाळ जिल्ह्यातील विधवा शेतकरी’ अशा ओळीखाली एक बाई गुडघाभर पाण्यात रोवणी करताना दाखवली होती. आईची बहीण भंडाऱ्याकडे दिलेली आहे. त्यामुळे तो भाग पाहिलेल्या आईने फोनवर सरळ सांगितले, “हे आपल्याकडचं वावर नाही वं बाई, ह्या तं धानाच्या बांध्या हाय.” आमच्या शिवारात कापूस, सोयाबीन आणि तूर, रोवणी पाहायला आम्हाला पूर्व विदर्भात जावे लागते. ज्यांच्या दुःखाच्या नावावर पैसा गोळा होत होता, त्यांचे शेत कसे दिसते हेही या लोकांना पाहावेसे वाटले नव्हते, याचा मला आजही पैशापेक्षा जास्त संताप येतो.

मी प्रश्न विचारताच अदब संपली. विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या मुलांना सत्रकाळात आठवड्याला २० तासच काम करता येते आणि स्वयंरोजगार मुळीच चालत नाही. टक्केवारीवरचे हे काम स्वयंरोजगारच ठरते, तेव्हा गप्प बसली नाहीस तर गृह खात्याला कळवू, असे त्या बाईने धमकावले. म्हणजे करारातील ‘स्वतंत्र सल्लागार’ हा शब्द पहिल्या दिवसापासून माझ्या गळ्यात अडकवण्यासाठीच घातलेला होता.

मी बँकेला कळवले आणि बँकेने खाते गोठवले. माझ्या खात्यात आलेला पैसा देणग्यांचा नव्हताच. दुसऱ्या प्रकारे लुबाडलेल्या लोकांचा तो होता, आणि माग पुसण्यासाठी माझ्यासारख्यांची खाती वापरली जात होती. अशा पैशाची जाणूनबुजून ने-आण केल्यास तिकडे १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बँका ज्या सिफास या फसवणूक रोखणाऱ्या संस्थेच्या सभासद आहेत, तिच्याकडे अशा खातेदाराची नोंद झाली तर ती सहा वर्षांपर्यंत राहते आणि साधे खाते उघडणेही कठीण होते. घरभाड्यासाठी बाबांनी भाव पडलेला असताना सोयाबीन विकले.

मला तारले ते जपून ठेवलेल्या संदेशांनी. धमकीचे संदेश, करार, माहितीपत्रक, प्रत्येक हस्तांतराची वेळ हे सर्व मी विद्यापीठाच्या सल्लागाराच्या मदतीने तारीखवार लावून बँकेला दिले, आणि बऱ्याच पत्रव्यवहारानंतर माझ्या नावावरची नोंद काढण्यात आली. १८० पौंड मात्र परत मिळाले नाहीत. भारतातून कोणी असे शुल्क भरले असेल, तर बदनामीच्या भीतीने थांबू नये. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार नोंदवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.