चांद्रयान-3 चं लाकडी मॉडेल घेतलं, पण खाली पाच इंजिनं?

दादर वेस्टला स्टेशनबाहेरच्या एका खेळण्यांच्या दुकानातून घेतलं, दुकानाचं नाव राहू दे. एमडीएफचं किट आहे, साडेसहाशेला पडलं. चंद्रावर उतरणारा विक्रम लँडर, आत छोटासा प्रज्ञान रोव्हर म्हणजे चाकांची गाडी, रॅम्प उघडला की रोव्हर खरंच घरंगळत खाली येतो, ते भारी जमलंय. कटिंग साफ आहे, खाचा नीट बसतात, भाच्याने जवळजवळ एकट्यानेच जोडलं.

मग त्याने लँडर उलटा केला आणि म्हणाला, "मामा, हे तर चांद्रयान-2 आहे, खाली पाच इंजिनं दिलीत." बरोबर बोलला पोरगा, 3 मध्ये मधलं इंजिन काढून चारच ठेवली होती. बॉक्सवर तिरंगा, 23 ऑगस्ट 2023, सगळं झोकात आणि आतला माल आधीचा! कोणी म्हणेल एवढा कीस कशाला पाडतोस, पण अहो गंमत तिथेच तर आहे ना, सप्टेंबर 2019 ला चांद्रयान-2 चा विक्रम आपटला, मग इस्रोने कुठे कुठे फसू शकतं ते शोधून इंधन वाढवलं, सेकंदाला 3 मीटर वेगाने टेकला तरी सहन करतील असे पाय केले, उतरायची जागा 500 बाय 500 मीटर होती ती 4 बाय 2.4 किलोमीटर केली, तेव्हा कुठे जमलं. चारच दिवस आधी रशियाचं लुना-25 चंद्रावर आदळलं होतं, म्हणजे जुना अनुभव असून पण गॅरंटी नाहीच. किटच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही, नुसती गौरवगाथा. म्हणून तर आपल्याकडे यान उतरलं की पेढे आणि आपटलं की "एवढ्या पैशात खड्डे बुजले असते" चालू होतं, साधारण 615 कोटींत झालेल्या मिशनबद्दल! ज्या रॉकेटने ते वर नेलं त्याची 'विकास' नावाची इंजिनं आपल्या विक्रोळीत गोदरेजकडे बनली, हे तरी छापायचं, मुंबईत विकताय ना.

आणि पाय. सांध्याची खुंटी काडीपेटीच्या काडीएवढी, शोकेसवरून पडला आणि एक पाय गेला. दुकानात विचारलं तर "सुटा पाय नाय येत साहेब, पूर्ण किट घ्या."

5 पैकी 3. मुलांना जोडायला मजा येते म्हणून घ्या, सांध्यांना आधीच फेविकॉल लावा आणि मधलं इंजिन बसवूच नका.