पाच मिनिटांची परदेशवारी: शटल तेब्राऊ

आईला सिंगापूरहून मलेशियाला नेलं, ते शटल तेब्राऊ या रेल्वेने. वुडलँड्स ते जोहोर बाहरू, जेमतेम पाच मिनिटं. जाताना तिकीट 5 सिंगापूर डॉलर, येताना 5 रिंगिट, म्हणजे मलेशियाचं चलन. आकडा तोच, पण परतीचा प्रवास कितीतरी स्वस्त!

सगळ्यात आवडलं ते हे, की जाताना दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी वुडलँड्सलाच होते. उतरलं की सरळ बाहेर. आईचे गुडघे दुखतात, बसच्या रांगेत तिचे हाल झाले असते. गाडी हलली तरी पासपोर्ट तिने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.

गाडी जाते तो कॉजवे, म्हणजे दोन देशांना जोडणारा समुद्रातला भरावाचा रस्ता, 1924 पासूनचा. त्याच्याच कडेच्या पाइपांतून मलेशियाच्या जोहोर राज्याचं पाणी सिंगापूरला येतं, 1962 च्या कराराने, 2061 पर्यंत. दर हजार गॅलनला 3 सेन, म्हणजे रिंगिटचे शंभरातले तीन भाग! या दरावरून दोन्ही सरकारांत किती वर्षं वाद चाललाय, पण पाणी थांबलेलं नाही. मला याचं फार कौतुक वाटतं. जानेवारी 2025 मध्ये तर दोघांनी संयुक्त आर्थिक क्षेत्राचा करारही केला.

शनिवार-रविवारची तिकिटं मात्र खूप आधी काढा.